एका घंटीचा दोष

मंगळवार, दि. ४ फेब्रुवारी

श्रीयुत धाकटे मालक, विक्री विभाग, यांस
दुरुस्ती विभागाकडून

वाटणीची भिंत झाल्यापासून आपल्यात पत्रव्यवहार झालेला नाही, आणि तो आजही झाला नसता. परंतु सामाईक वस्तूंपैकी एकीचा प्रश्न निघाल्यामुळे नाइलाज आहे.

वडिलांच्या पंपांच्या कारखान्याची वाटणी झाली तेव्हा नवे पंप विकणे आपणांकडे गेले व जुने दुरुस्त करणे माझ्याकडे राहिले. छप्पर, पाण्याची टाकी आणि टेलिफोन एवढेच सामाईक ठेवावे लागले. टेलिफोन का वाटता आला नाही, हे आपण जाणताच. वडिलांनी प्रत्येक पंपावर पितळी पट्टी ठोकली आणि तीवर एकच क्रमांक कोरला. ते पंप अद्याप पाणी ओढत आहेत. त्या पट्ट्या घरोघर जाऊन कोण बदलणार? म्हणून क्रमांक एक, फोनची यंत्रणा एक, आणि मध्ये फोन जोडून देणाऱ्या टेलिफोनबाई, अशी व्यवस्था आजवर चालली.

काल फोनच्या यंत्रणेचे इंजिनीअर आले होते. गृहस्थ चाळिशीचे आहेत, डोक्यास टक्कल आहे आणि बोलताना पेनाचे टोपण चावतात. त्यांचे व माझे झालेले बोलणे, आपला गैरसमज होऊ नये म्हणून, जसेच्या तसे लिहितो.

ते म्हणाले, "थोरले साहेब, तुमची फोन यंत्रणा झकास चालतेय. पण ती ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर उभी आहे ना, तिचा सपोर्ट संपला."

मी विचारले, "म्हणजे बिघडली?"

"नाही."

"बिघडणार आहे?"

"तेही सांगता येत नाही."

"मग आपण दुरुस्त काय करणार?"

"तेच तर सांगतोय! दुरुस्तीच बंद झाली. बनवणाऱ्यांनी हात वर केले. उद्या कोणी बाहेरून आत शिरलं आणि तुमच्या लाइनवरून जगभर फोन लावत बसलं, तरी ते भोक बुजवायला कोणी येणार नाही. आणि फोनचं नवं सॉफ्टवेअर जुन्या सिस्टीमवर बसत नाही. आधी खालचं बदला, मग वरचं."

मी उभा जन्म दुरुस्तीत घालवला आहे. चालत्या वस्तूस टाकाऊ म्हणणारा माणूस मला पूर्वी एकदाच भेटला होता. गिऱ्हाइकांच्या देखत तो मला म्हणाला होता, "दादा, दुरुस्तीचे दिवस गेले." त्याचे नाव येथे लिहिण्याचे कारण नाही. तथापि पंप उत्तम असला आणि खालचा चौथरा खचला, तर पंप उचलून नव्या चौथऱ्यावर बसवावाच लागतो, इतके मला समजते. त्यात पंपाचा अपमान नसतो.

यंत्रणा दोघांच्या नावे असल्याने दोघांची संमती लागेल. रविवारी, ता. १६ रोजी, दिवसभर फोन बंद राहतील. आपली संमती टेलिफोनबाईंकडे द्यावी.

कळावे. लोभाचा प्रश्न यात उद्भवत नाही.

ता. क. — यंत्रणेतील लहानसहान दोषही कळवा, असे इंजिनीअर म्हणाले. मी एक दोष नोंदवला आहे. माझ्या टेबलावरील फोन रोज सकाळी, शटर वर गेल्यानंतर थोड्या वेळाने, एकदाच वाजतो व थांबतो. कोणी बोलत नाही. भिंत झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हे चालू आहे. माझी तक्रार नाही. केवळ नोंद म्हणून लिहिले.

—

शुक्रवार, दि. ७ फेब्रुवारी

श्रीयुत धाकटे मालक यांस

आपले चार ओळींचे उत्तर टेलिफोनबाईंच्या खिडकीतून मिळाले. त्यांची खोली भिंतीच्या टोकास आहे आणि तिला दोन्ही बाजूंस खिडक्या आहेत, ही सोय या निमित्ताने उपयोगी पडली. पत्र देताना बाई म्हणाल्या, "एवढं लिहीत बसण्यापेक्षा इथूनच हाक मारली असती तरी ऐकू गेलं असतं की!" त्यांच्या वयाकडे पाहून मी मुकाट्याने पत्र उघडले.

आपल्या उत्तरात 'दुरूस्ती' असे लिहिले आहे. 'रु' ऱ्हस्व असतो. आपण पदवीधर आहात. मी चौथीच्या पुढे गेलो नाही. परंतु माझ्या दारावरील पाटी निदान शुद्ध आहे.

आपण संमती दिलीत, हे योग्य झाले. मात्र इंजिनीअरांनी सुचवलेली एक गोष्ट मला मान्य नाही. नव्या यंत्रणेत म्हणे फोन लागताच ध्वनिमुद्रित आवाज सांगणार, विक्रीसाठी एक दाबा, दुरुस्तीसाठी दोन दाबा. विक्रीस एक आणि दुरुस्तीस दोन हे कोणत्या न्यायाने? मी वयाने मोठा आहे. आपले म्हणणे, माणूस पंप आधी विकत घेतो आणि मग दुरुस्त करतो. हे म्हणणे बिनतोड वाटते खरे, पण वडिलांनी या जागेत प्रथम दुरुस्तीच सुरू केली होती, हे आपण विसरता. आपण तेव्हा पाळण्यात होता.

टेलिफोनबाईंना हे समजले तेव्हा त्यांनी हातातील कप जोरात खाली ठेवला. "एक दाबा, दोन दाबा! घरात पाण्याचा थेंब नसतो तेव्हा माणसं इथे फोन करतात. त्यांना त्या वेळी आकडे सुचतात होय? ती रडकुंडीला आलेली असतात. त्यांना आधी कोणीतरी 'हं, बोला' म्हणायला लागतं."

मला त्यांचे म्हणणे पटले. बाईंना ठेवल्यास एक कोण आणि दोन कोण, हा वादही मिटतो. विचार करून कळवावे.

आपणही एक दोष नोंदवल्याचे समजले. आपल्या टेबलावरील फोन रोज सायंकाळी, आपण शटर ओढण्याच्या सुमारास, एकदाच वाजतो व थांबतो. असे होत असल्यास ते चमत्कारिक आहे. त्याविषयी मला काही माहिती नाही.

कळावे.

—

गुरुवार, दि. १३ फेब्रुवारी

श्रीयुत धाकटे मालक यांस

बाईंविषयी आपले माझे एकमत झाले. भिंत झाल्यापासून असे प्रथमच घडत आहे, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो. बाईंनी आज खिडक्यांना नवे पडदे लावले. दोन्ही बाजूंना सारख्याच कापडाचे आहेत.

इंजिनीअर आज पुन्हा आले होते. नवी यंत्रे त्यांनी खोक्यांतून काढून ठेवली आहेत. जुन्या यंत्रांपैकी काही नव्या सॉफ्टवेअरशी बोलू शकणार नाहीत. त्यांत वडिलांच्या टेबलावरचे काळे यंत्रही आहे. ते मी कपाटात ठेवले. आपणांस हवे असल्यास सांगावे. त्याचा रिसीव्हर आपण लहानपणी दाताने चावला होता, ती खूण अजून दिसते.

नव्या यंत्रांना लहान पडदा आहे. फोन कोठून येतो, त्याचे नाव त्यावर उमटते. आतल्या फोनांना कोणते नाव द्यायचे, असे त्यांनी विचारले. पलीकडच्या यंत्रास 'विक्री' असे लिहावे, मी सांगितले.

"नाव घालू की हुद्दा?"

"हुद्दा. नावाने हाक मारण्याचा प्रसंग येत नाही."

मग त्यांनी सकाळच्या व सायंकाळच्या दोषाचा विषय काढला. संगणकातील नोंदी पाहून ते म्हणाले, "साहेब, हा दोषच नाहीये. हा कॉल बाहेरून येतच नाही. तो रोज पली—"

मी त्यांना तेथेच थांबवले, कारण ती बाब तांत्रिक होती.

"दोष म्हणून लिहून घ्या," मी सांगितले.

"अहो पण दोष म्हणून लिहिला की मला तो काढावा लागतो."

"आपले काम आपण करावे."

त्यांनी टोपण चावत माझ्याकडे बराच वेळ पाहिले. "पलीकडे धाकट्या साहेबांना पण हेच सांगायला गेलो, तर ते पण असंच म्हणाले. शब्दाला शब्द. बरं, काढतो मग दोन्ही."

आपण तसे म्हणालात, हे माझ्या कानावर आले, इतकेच कळवतो.

—

सोमवार, दि. १७ फेब्रुवारी

श्रीयुत धाकटे मालक यांस

कालचे काम पार पडले, त्याचा वृत्तांत असा.

इंजिनीअरांनी प्रथम सर्व मजकुराचा बॅकअप घेतला, म्हणजे जे जे आत होते त्याची नक्कल दुसरीकडे काढून ठेवली. मग जुना संगणक बंद केला. त्याचा घरघर असा आवाज इतकी वर्षे कानी होता की तो आहे हे मी विसरलो होतो. तो थांबला तेव्हा सगळी जागा एकदम मोठी वाटू लागली.

त्यानंतर नवी ऑपरेटिंग सिस्टीम, तीवर फोनचे नवे सॉफ्टवेअर, आणि त्यात ती नक्कल परत. पडद्यावर एक निळी पट्टी सरकत होती. पाइपात हवा अडकली म्हणजे पाणी जसे येते, थांबते, उचकी देते आणि पुन्हा येते, तशी ती पट्टी सरकत होती. मी खुर्ची घेऊन समोर बसलो. माझ्या बसण्याने ती लवकर सरकणार नव्हती, हे मला ठाऊक आहे. परंतु दुसऱ्याचे पोट उघडून ठेवलेले असताना आपण उठून जाऊ नये.

सायंकाळपर्यंत सर्व फोन लागले. बाहेरचा पहिला फोन टेलिफोनबाईंच्या भाचीचा होता. तो त्यांनीच मागवला होता.

दोषही निघाले. इंजिनीअर म्हणाले, "आता विक्री आणि दुरुस्ती एकमेकांना थेट लागणार नाहीत. आतला रस्ताच बंद केला. बोलायचं असेल तर बाईंमार्फत. उद्या सकाळी बघा, वाजायचा नाही."

आज सकाळी खरोखरच वाजला नाही. काम चोख आहे.

आपले शटर वेळेवर उघडले असेलच. माझे उघडले.

कळावे.

—

गुरुवार, दि. २० फेब्रुवारी

श्रीयुत धाकटे मालक यांस

आपण सोमवारच्या पत्रास उत्तर दिले नाही. उत्तराची आवश्यकता होती असेही नाही.

तथापि एक गोष्ट विचारणे प्राप्त आहे. आपले दार त्या रस्त्यावर आणि माझे या रस्त्यावर असल्याने आपले शटर उघडते किंवा कसे, हे मला येथून दिसत नाही व ऐकूही येत नाही. छप्पर सामाईक आहे. छपराखाली दुसऱ्या बाजूस कोणी आहे की नाही, हे छपराच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने रोज सकाळी माहीत असणे आवश्यक आहे. पूर्वी ही माहिती मिळण्याची काही एक सोय होती. ती सध्या बंद आहे.

फोन नवीन असल्यामुळे मी सकाळी काही वेळ त्याच्याकडे पाहत बसतो. त्यामुळे कामास उशीर होतो. काल एका पंपात वॉशर उलटा बसवला. पाणी पुढे जायचे ते मागे आले आणि माझ्या अंगावर उडाले. असे माझ्या हातून होत नाही.

आपल्या वहिनींनी अंगावरचा ओला सदरा बदलायला दुसरा दिला आणि विचारले, "काय झालंय तुम्हाला? तीन दिवस तोंड असं का?"

"काही नाही. फोन वाजला नाही."

"कुठला फोन?"

"सकाळचा."

"मग कोपऱ्यावरून वळून बघून या की. चार पावलं तर आहेत."

"त्या रस्त्याला माझे काम नाही."

"काम नाही म्हणे! सख्खा भाऊ बसतो तिकडे, आणि यांचं काम नाही!"

त्यांनी सदरा पिळता पिळता पुढेही बोलणे चालू ठेवले. दोघी जावांचे गच्चीवर बोलणे होते, ही गोष्ट मला माहीत नाही असे त्यांना वाटते. त्यावरून असे समजले की, आपण सोमवारपासून रोज सायंकाळी शटर अर्धे ओढून तसेच उभे राहता. आतही जात नाही आणि बाहेरही येत नाही. शेजारचा शिंपी विचारतो म्हणे, "काय हो, शटर अडकलं का?"

शटर अडकत असल्यास त्यास तेल घालावे. माझ्याकडे आहे. बाईंच्या खिडकीत बाटली ठेवली आहे.

—

शनिवार, दि. २२ फेब्रुवारी

धाकट्या मालकांस

बाईंनी बाटली जशीच्या तशी परत दिली. "ते म्हणतात, शटर नाही अडकलं," एवढेच त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना आणखी काही बोलायचे असावे, पण तेवढ्यात बाहेरचा फोन आला आणि त्या "हं, बोला" म्हणाल्या. ते त्या मला म्हणाल्या की फोनवरील माणसास, हे मला क्षणभर समजले नाही.

मी इंजिनीअरांना फोन केला. बोलणे असे झाले.

"आपण काढलेला दोष परत बसवता येईल काय?"

"परत? दोष?" ते हसू लागले, आणि मग माझा आवाज ऐकून थांबले. "सकाळी वाजत नाही ना आता?"

"वाजत नाही."

"मग बरोबर आहे की, साहेब."

"बरोबर नाही."

पलीकडे टोपण चावल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "हे बघा, आतला रस्ता मी इथूनच उघडू शकतो, दोन मिनिटांचं काम आहे. पण एक सांगून ठेवतो. आता त्याला दोष म्हणता यायचं नाही हं. जुन्या यंत्रावर नुसतं वाजायचं, कोण ते कळायचं नाही. नव्यावर नाव उमटणार. उचलला नाही तरी पडद्यावर नाव तसंच राहणार. दोन्हीकडे. चालेल का?"

मी विचारास वेळ मागून घेतला.

विचार केला तो असा. भिंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोन प्रथम वाजला तेव्हा मी चष्मा पुसत होतो. एकदा वाजला आणि थांबला. चुकून लागला असेल, असे मी स्वतःस सांगितले. दुसऱ्या सकाळीही तसेच सांगितले. त्यानंतर मी स्वतःस काही सांगणे सोडून दिले आणि घंटी झाल्यावरच पहिला पंप उघडू लागलो. ती वाजली म्हणजे छपराखाली दोन्ही बाजूंस सर्व ठीक आहे, असे धरून चालायचे. बोलायचे काही नव्हते, आणि न बोलता एवढे कळत होते. ते इतके सोयीचे होते की मी त्यास दोष म्हटले. दुसरा शब्द वापरला असता तर तो कोणाकडून येतो, हेही म्हणावे लागले असते.

सायंकाळच्या घंटीविषयी मला काही माहिती नाही, असे मी ता. ७ च्या पत्रात लिहिले. ते विधान बरोबर नव्हते. कृपया दुरुस्त करून वाचावे.

रस्ता उघडण्यास व नाव उमटण्यास माझी संमती आहे. आपण संमती द्यावी किंवा न द्यावी, ही आपली मर्जी. न दिल्यास मी ती गोष्ट पुन्हा काढणार नाही. सकाळी पंप उघडण्याची दुसरी वेळ ठरवून घेईन.

आणखी एक. पडद्यावर 'विक्री' असे नाव घालण्यास मी सांगितले होते. ते बदलण्यास सांगितले आहे.

—

मंगळवार, दि. २५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

तुझी संमती काल दुपारी मिळाली. "संमत आहे. विक्री विभाग." आणि त्याखाली, वेगळ्या शाईने: "दादा, वॉशर कुठल्या पंपाचा?"

तो वडिलांनी केलेल्या जुन्या मोठ्या पंपाचा. त्याचा वॉशर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो आणि बोट फिरवल्याशिवाय फरक कळत नाही. हे कागदावर समजावता येत नाही, हातात घेऊन दाखवावे लागते. तुला लहानपणी एकदा दाखवले होते. तू त्या वेळी खिडकीबाहेर बघत होतास.

काल सायंकाळी माझ्याकडून घंटी गेली नाही, याचे कारण असे की इंजिनीअरांनी रस्ता उघडला तेव्हा मी शटर ओढून वर घरी गेलो होतो. तुझ्या वहिनी म्हणाल्या, "तो पुन्हा ताटकळला असेल."

आज सकाळी शटर वर केले. चष्मा पुसला. पण टेबलापाशी बसलो नाही. इतके दिवस बसून काही झाले नव्हते, म्हणून आज बसायचे नाही, असे ठरवले होते. मागच्या बाजूस जमिनीवर बसून तोच मोठा पंप उघडला. दोन्ही हात ग्रीसने माखले होते, तेवढ्यात फोन वाजला.

मी येथूनच मान वळवून पाहिले. लहान पडदा उजळला होता. त्यावर 'धाकटा' असे आले होते. मीच सांगितलेले नाव, पण यंत्राने ते आपणहून उच्चारल्यासारखे वाटले.

इतकी वर्षे ती घंटी बिननावी होती. बिननावी घंटी ऐकली तरी पुरते. नाव आले की माणसाला उठावेसे वाटते. मी उठलो. उजवा गुडघा लवकर सरळ होत नाही, हे तुला माहीत नसेल. ते भिंतीनंतरचे आहे. टेबलाच्या कडेस धरून पोहोचलो, हात पुसायलाही थांबलो नाही, आणि रिसीव्हरवर हात पडला तेव्हा ती थांबली होती. नव्या यंत्रावर ग्रीसची चार बोटे उमटली आहेत. बाईंनी आपल्या खिडकीतून ते सर्व पाहिले. त्या म्हणाल्या, "अहो, मग परत लावा ना तुम्हीच!" मी म्हणालो, "सकाळ त्याची आहे."

तर आता एक सूचना. ही यंत्रणेविषयी आहे व तिला कोणाच्याही संमतीची गरज नाही.

तू एक घंटी होताच ठेवतोस. एवढ्यात मला टेबलापर्यंत पोहोचता येत नाही. सायंकाळी मीही तसेच करत आलो. आज एका घंटीवर ठेवणार नाही. तू शटर अर्ध्यावर धरून उभा राहू नकोस, आत फोनपाशी जाऊन बस.

आणि उद्या सकाळी लावशील तेव्हा ठेवू नकोस. मी उठतो आहे, एवढे समज आणि वाजू दे.

तुझा
दादा